विचारांवरचा पहारा आणि गोव्याची अडीच शतके

भारतातील पहिला छापखाना सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्याच्या बंदरात उतरला, आणि छापील पुस्तकाशी या देशाची ओळख करून देणाऱ्या त्याच भूमीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, छपाई थांबली. दरम्यानच्या काळात तरंगमबाडीला डॅनिश मिशनऱ्यांनी छापखाना उभारला, इंग्रजांच्या अमलाखालील कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे मुद्रणव्यवसाय रुजला, १७८० मध्ये कलकत्त्याहून भारतातील पहिले वृत्तपत्र निघाले, आणि सर्वांच्या आधी सुरुवात करणारा गोवा सर्वांच्या मागे पडला. या पिछेहाटीला डच व इंग्रजांशी चाललेली सागरी स्पर्धा, राजधानीत वारंवार उसळणारी रोगराई आणि रिकामी होत चाललेली तिजोरी अशी इतर कारणेही होती. परंतु माणसांच्या मनावर, बोलीवर आणि ग्रंथांवर बसवलेला पहारा हे त्यातील एक मूलभूत कारण होते, आणि त्याचा विचार केल्यावाचून गोव्याच्या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

मुक्त विचाराची गळचेपी झाली की तिची शिक्षा एखाद्या बंडखोर लेखकाला किंवा परधर्मीयाला भोगावी लागते, इतर समाज आपापल्या वाटेने चालत राहतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. गोव्याचा अनुभव या समजाच्या नेमका उलट आहे. विचार एका माणसाच्या डोक्यात जन्मत असला तरी तो जगतो तो भाषेमुळे, ग्रंथांमुळे, पाठशाळांमुळे आणि निर्धास्तपणे चालणाऱ्या संभाषणामुळे. ही साधने एकदा मोडली की एकच नकोसा विचार नाहीसा होत नाही, तर पुढच्या पिढ्यांची विचार करण्याची सोयच नाहीशी होते, आणि हे नुकसान दडपणाऱ्यालाही चुकवता येत नाही.

आश्वासक सुरुवात

गोव्यात उतरलेला छापखाना मुळात इथिओपियाकडे निघालेल्या जेझुइट धर्मप्रचारकांसाठी होता. तो पुढे गेला नाही आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात कामाला लागला. धर्मप्रसार हाच त्याचा हेतू असला तरी त्यातून निघालेले काम केवळ प्रचारापुरते राहिले नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये येशू ख्रिस्ताची कथा सांगणारे हे काव्य मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेलेले कोकणीचे व्याकरण हे आधुनिक भारतीय भाषांच्या सर्वांत जुन्या छापील व्याकरणांपैकी एक आहे. हे सर्व ग्रंथ रोमन लिपीत छापावे लागले, कारण देशी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते. तथापि देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ च्या सुमारास आपल्या वरिष्ठांकडे मागितली होती. ती योजना फळाला आली असती तर मराठीच्या मुद्रणाचा प्रारंभ सेरामपूरला विल्यम केरी यांच्या व्याकरणाने १८०५ मध्ये होण्याऐवजी गोव्यात दोनशे वर्षे आधीच झाला असता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोव्यातील संघर्ष हा ख्रिस्ती धर्म आणि हिंदू धर्म यांच्यातील साधा सामना नव्हता. एकाच चर्चमध्ये भाषा शिकणारे, कोश रचणारे, ओव्या लिहिणारे लोक होते आणि त्याच चर्चच्या आश्रयाने संशयावर चालणारे न्यायालयही उभे होते. पुढे या दोन प्रवृत्तींपैकी दुसरी वरचढ ठरली, आणि तिने पहिल्या प्रवृत्तीचीही कमाई गमावली.

संशयाचे न्यायालय

इन्क्विझिशन म्हणजे रोमन कॅथलिक पंथात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या श्रद्धेत काही भेसळ आहे काय, याची चौकशी करून शिक्षा ठरवणारे धर्मन्यायालय. पोर्तुगालमध्ये ते १५३६ पासून होते. गोव्यात त्याची स्थापना १५६० मध्ये झाली, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मकावपर्यंतचा सर्व पोर्तुगीज मुलूख, वसई, चौल आणि दमण यांसह, त्याच्या अधिकारकक्षेत आला. १७७४ ते १७७८ ही अल्पशी खंडित वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच शतके, हे न्यायालय चालू राहिले. त्याचा प्रारंभीचा रोख ‘नवख्रिस्तीं’वर, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या वंशजांवर, होता, पुढे त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या आरोपींत मोठा भरणा झाला तो धर्मांतरित स्थानिक ख्रिस्ती लोकांचा. बाप्तिस्मा न घेतलेले हिंदूही धर्मांतरात अडथळा आणल्याच्या किंवा उघडपणे विधी केल्याच्या आरोपाखाली पकडले जात. साष्टी आणि तिसवाडीतील अनेक देवस्थाने या काळात नदीपलीकडे हलवली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेण्यात आला तोही याच सुमारास.

या न्यायालयाची खरी ताकद त्याच्या शिक्षांपेक्षा त्याच्या कार्यपद्धतीत होती. आरोपीला आरोप कोणता हे सांगितले जात नसे, साक्षीदाराचे नाव कळत नसे, आणि आपण काय बोललो असू हे आपणच आठवून कबूल करावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला, तो मित्रमंडळीत धर्मविषयक गोष्टींवर मोकळेपणाने बोलल्यामुळे. गोव्याच्या कोठडीत दोन वर्षे काढल्यावर जानेवारी १६७६ मध्ये त्याला ‘ऑटो-द-फे’ला, म्हणजे शिक्षा जाहीर करण्याच्या सार्वजनिक समारंभाला, उभे करण्यात आले. युरोपात परतल्यावर १६८७ मध्ये त्याने लिहिलेल्या वृत्तांतात एकांतवासाने खचलेल्या कैद्याने आत्महत्येचे प्रयत्न केल्याचे वर्णन आहे, आणि तो कैदी तो स्वतःच होता.

अशी पद्धत समाजात काय पेरते, हे १७३६ च्या जाहीरनाम्यावरून दिसते. धर्मांतरित कुटुंबांनी दारात तुळस लावू नये, लग्नात देशी गीते गाऊ नयेत, विवाहप्रसंगी पानसुपारी व फुले पाठवण्याच्या जुन्या चाली पाळू नयेत, इतकेच नव्हे तर भात शिजवताना मीठ न घालता तो नंतर चवीपुरता खारवण्याची हिंदूंची रीतही चालू ठेवू नये, असे त्यात बजावले होते. भातात मीठ केव्हा घालावे हा जिथे धर्मनिष्ठेचा पुरावा ठरतो, तिथे स्वयंपाकघर हेच साक्षीचे ठिकाण बनते, आणि शेजारीण, मोलकरीण, सून किंवा भाऊबंद यांपैकी कोणीही उद्या फिर्यादी होऊ शकतो. जमिनीचा तंटा, वारसाहक्काचा वाद किंवा जुने वैर यांचा निकाल लावण्यासाठी अशी निनावी तक्रार हे सोयीचे हत्यार होते. सत्याचा शोध घेण्यासाठी उभारलेली यंत्रणा अशा प्रकारे खोटेपणाला बक्षीस देऊ लागते, आणि परस्परविश्वास हा समाजाचा पाया ठिसूळ होतो.

ज्ञानाची तुटलेली परंपरा

विज्ञानाच्या क्षेत्रातील हानीचे सर्वांत बोलके उदाहरण गार्सिया द ओर्ता यांचे आहे. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू घराण्यात जन्मलेला हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याने वैद्यकी केली, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा भारतीय वनस्पती व औषधी यांवरील ग्रंथ छापला गेला. हा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात ग्रीक-रोमन आचार्यांचे ग्रंथ प्रमाण मानणारा रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेल्या, चाखलेल्या, रोग्यांवर वापरलेल्या द्रव्यांच्या आधारे उत्तरे देतो. आंबा, फणस, वेलदोडा, हिंग, कापूर यांची चिकित्सा करताना तो देशी वैद्य आणि मुसलमान हकीम यांचे म्हणणे आदराने ऐकतो, आणि पटकीच्या लक्षणांचे त्याने केलेले वर्णन हे युरोपीय वैद्याने केलेल्या अशा पहिल्या तपशीलवार वर्णनांत गणले जाते. जुन्या ग्रंथापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मोठा मानणारी ही वृत्ती म्हणजेच आधुनिक विज्ञानाची वृत्ती होय.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताचे अवशेष थडग्यातून उकरून त्यांनाही अग्नी देण्यात आला. दरम्यान त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून प्रसिद्ध केला होता आणि युरोपातील अभ्यासक त्यावर पुढचे काम करू लागले होते. म्हणजे गोव्यात उपजलेले ज्ञान युरोपात वाढले आणि गोव्यात मात्र त्याची परंपरा निर्माण झाली नाही. ओर्ताच्या तोलाचा दुसरा निसर्गाभ्यासक पुढच्या दोन शतकांत तेथे झाला नाही. एका मृत माणसाच्या अस्थी जाळल्याने त्याचे पुस्तक पुसले गेले नाही, हे खरे. परंतु निरीक्षण करून निर्भयपणे लिहिणाऱ्याच्या कुटुंबाची ही गत झालेली पाहिल्यावर त्या वाटेने जाण्याचे धैर्य कोण करणार?

भाषेवरील घाव

दडपशाहीचा दुसरा आघात भाषेवर झाला. सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनच देशी भाषांतील पोथ्या जप्त करून नष्ट करण्यात येत होत्या. त्या काळातील कोकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या कथा आज उपलब्ध आहेत त्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात, आणि त्याही मिशनऱ्यांसाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या म्हणून. पुढे १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजांनी गोव्याला जेरीस आणले, आणि त्या धास्तीतून सावरत असतानाच व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने जून १६८४ मध्ये हुकूम काढला की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे आणि धर्मगुरूंनी व शिक्षकांनी त्याच भाषेत शिकवावे. १७४५ मध्ये एका आर्चबिशपने तर उच्चवर्णीय ख्रिस्ती वधूवरांना पोर्तुगीज येत नसेल तर त्यांचा विवाह लावू नये, असेही फर्मावले.

सामान्य माणूस पोर्तुगीज शिकला नाही, कारण हुकुमाने कोणतीही भाषा घराघरांत रुजत नाही. मात्र जी भाषा त्याच्या जिभेवर होती तिच्यातील ग्रंथरचना, शिक्षण आणि विद्वत्ता यांचा झरा आटला. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज ज्ञात नाही. हा ग्रंथ वाचला तो गोव्यातून स्थलांतर करून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या म्हणून, आणि त्या प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे चर्चने देशी भाषेवर घातलेल्या निर्बंधांत चर्चच्याच सर्वोत्तम कवीचा ग्रंथ हरवला; दडपशाही आपल्या-परक्याचा भेद फार काळ राखू शकत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण क्वचितच मिळेल.

राज्यकर्त्यांनी छापखान्याविषयीही हेच धोरण ठेवले. १७५४ मध्ये लिस्बनहून व्हाइसरॉयला कळवण्यात आले की, कोणी कितीही योग्य कारण पुढे केले तरी गोव्यात मुद्रणालयास परवानगी देऊ नये. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाल्यानंतर १८२१ च्या डिसेंबरात ‘गाझेता दि गोवा’ हे सरकारी पत्र निघाले तेव्हाच छपाई पुन्हा सुरू झाली. कोकणीची उपेक्षा झाली ही चूक होती, असे जाहीरपणे मांडणारा कुन्हा रिव्हारा हा पोर्तुगीज अधिकारी १८५५ मध्ये गोव्यात आला. त्याने जुन्या व्याकरणाची नवी आवृत्ती काढली आणि भाषेचा इतिहास लिहिला. तथापि जिचे व्याकरण १६४० मध्ये छापून झाले होते, त्या कोकणीला गोव्याच्या राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९८७ साल आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. विस्थापित भाषकांच्या विखुरण्यामुळे ती आज देवनागरी, रोमन, कन्नड अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली जाते आणि एका लिपीतील वाचक दुसऱ्या लिपीतील साहित्यापासून बहुधा दूरच राहतो.

दडपणाऱ्यांचेही नुकसान

या धोरणाची किंमत राज्यसत्तेनेही मोजली. छळाला कंटाळून व्यापारी, कारागीर आणि शेतकरी सीमेपलीकडे निघून गेले, गावे ओस पडू लागली आणि महसूल घटला. अठराव्या शतकातील काही व्हाइसरॉयांनी स्वतःच लिस्बनला लिहिले की धर्मन्यायालयाच्या भीतीमुळे लोक पोर्तुगीज मुलुखात राहण्यास धजत नाहीत. उत्तर कोकणात वसई प्रांतातील असंतुष्ट स्थानिक वतनदारांनी मराठ्यांशी संधान बांधले, आणि चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेला या असंतोषाचे मोठे बळ मिळाले. प्रजेला मनातले बोलू न देणाऱ्या सत्तेला प्रजेच्या मनातले कळतही नाही. तक्रार कानावर येत नाही म्हणून सर्व सुरळीत आहे असा तिचा समज होतो, आणि संकट दाराशी आल्यावरच तो समज फिटतो.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये बरखास्त झाले आणि त्याचे गोव्यातील बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले, त्यामुळे अत्याचाराचा संपूर्ण हिशोब मांडण्याची शक्यताही मावळली. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले आणि पोर्तुगीज, मराठी व कोकणी नियतकालिकांना बहर आला. दडपण सैल होताच समाज किती लवकर बोलू लागतो, हे त्या थोड्या वर्षांत दिसले. परंतु १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे सालाझारच्या हुकूमशाहीत पूर्वप्रकाशन तपासणी, म्हणजे मजकूर छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी, सक्तीची झाली आणि लग्नपत्रिकाही तिच्यातून सुटल्या नाहीत. गोवेकरांच्या राष्ट्रीय अस्मितेच्या लोपाची मीमांसा करणारी पुस्तिका १९४४ मध्ये लिहिणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना डॉ. राममनोहर लोहियांच्या १८ जून १९४६ च्या मडगाव सभेनंतरच्या आंदोलनात अटक झाली आणि लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात पाठवले. गोव्याच्या मुद्रणाचा आणि इन्क्विझिशनचा पद्धतशीर इतिहास १९५८ आणि १९६१ मध्ये लिहून प्रसिद्ध केला तो प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकर यांनी, आणि तोही गोव्याबाहेर, मुंबईत राहून. आपलाच भूतकाळ तपासण्यासाठी त्या भूमीच्या अभ्यासकाला बाहेरची मोकळी हवा शोधावी लागली.

आजच्या समाजापुढील प्रश्न

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडलेला युक्तिवाद येथे उपयोगी पडतो. दडपलेले मत खरे असेल तर समाज सत्याला मुकतो. ते अंशतः खरे असेल तर प्रचलित मतातील उणीव भरून निघत नाही. आणि ते सर्वस्वी चुकीचे असले तरी त्याच्याशी वाद घालण्याची सवय सुटल्यामुळे खरे मतही निर्जीव पाठांतर होऊन बसते. मिल यांच्या विचारांचा खोल ठसा असलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ पत्रातून हाच आग्रह धरला, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. गोव्यातील धर्मन्यायालय परकीय होते, म्हणून असली असहिष्णुता ही परक्यांचीच मक्तेदारी आहे असे मानणे हा आत्मवंचनेचा प्रकार ठरेल. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकावरील रागातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि तेथील दुर्मीळ ग्रंथसंपदेची नासधूस झाली; अंधश्रद्धेविरुद्ध सनदशीर मार्गाने लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या रस्त्यावर हत्या झाली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांनाही गोळ्या घालण्यात आल्या. दडपणाऱ्याचा धर्म, जात, भाषा किंवा झेंडा बदलतो; होणाऱ्या नुकसानीचे स्वरूप बदलत नाही.

या नुकसानीचा सर्वांत घातक गुण असा की ते लगेच दिसत नाही. जाळलेल्या पोथ्यांची एक वेळ यादी करता येईल, पण भीतीपोटी लिहिलीच न गेलेली पुस्तके, विचारलेच न गेलेले प्रश्न आणि गाव सोडून गेलेल्या हुशार मुलांनी परक्या ठिकाणी केलेले काम कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. म्हणून दडपशाहीला विरोध करण्याची वेळ ही ग्रंथालये रिकामी झाल्यावरची नसते. माणसे बोलण्याआधी आजूबाजूला पाहू लागली, संपादक वाद टाळण्यासाठी मजकूर गाळू लागले, शिक्षक विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना बगल देऊ लागले, की तीच वेळ आलेली असते. न पटणाऱ्या विचाराला विचारानेच उत्तर देणे हे कष्टाचे आणि सावकाशीचे काम आहे, परंतु ते टाळून बळाचा सोपा मार्ग पत्करणाऱ्या समाजाला त्याची भरपाई करण्यास किती पिढ्या लागतात, हे गोव्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. आपल्या विरोधकाचा बोलण्याचा हक्क राखणे हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे. आपल्या मुलाबाळांना विचार करता यावा यासाठी प्रत्येक पिढीने पार पाडावयाचे ते कर्तव्य आहे.